फॅनफिक्शन : मूळ लेखकाचं किती, आपलं किती, आणि नाव कुणाचं लावायचं?

सुरंगीचा वळेसर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. वेंगुर्ले तालुक्यातल्या आमच्या लेखनगटाची दिवाळीला कथांची पुस्तिका निघतेय. २०० प्रती, किंमत छपाईखर्च भरून निघेल एवढीच. पुढे त्याच कथा एका मोबाइल अॅपवर टाकायचा विचार आहे, तिथे वाचक पैसे भरून पुढचे भाग उघडतात. सगळ्या कथा दुसऱ्याच्या कलाकृतीवरून सुचलेल्या, म्हणजे फॅनफिक्शन, आहेत:

(अ) ‘ययाति’ कादंबरीतल्या अलकेच्या तोंडून सांगितलेली कथा.
(आ) ‘श्यामची आई’मधल्या कांडपीण मथुरीची कथा.
(इ) सध्या चालू असलेल्या एका मालिकेतल्या दुय्यम पात्रावर, पूर्ण मालवणीत.
(ई) जत्रेतल्या दशावताराचं (कोकणातल्या लोकनाट्याचं) मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं होतं, त्यातले संवाद उतरवून शेवट बदललेली कथा.

(आ) दोघींनी मिळून लिहिली आहे आणि तिसऱ्या एकीने ती तपासताना बरीच बदलली. गटात दोन मतं आहेत. एक म्हणतं, नावं बदला म्हणजे झालं. दुसरं म्हणतं, नावं ठेवा आणि खाली ‘मूळ लेखकाचे आभार’ लिहा. नक्की करायचं काय? आणि या कथांमध्ये ‘आपलं’ किती, हे मोजायचं तरी कसं?

खाडीपल्याड

नावं बदलणं आणि आभार मानणं, दोन्ही नंतरच्या गोष्टी. आधी कथेतले थर सुटे करा.

‘ययाति’पासूनच सुरू करू. तिचे लेखक वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ शिरोड्याला शिक्षक होते, म्हणजे तुमच्याच तालुक्यात. कादंबरी मात्र १९५९ची. तिच्यात दोन थर आहेत. खालचा महाभारताच्या आदिपर्वाचा: विहिरीत ढकललेली देवयानी, तिला हात देऊन वर काढणारा ययाति, दासी होऊन आलेली शर्मिष्ठा, शुक्राचार्यांचा शाप, पुरूने पत्करलेलं म्हातारपण. यावर कुणाचीच मालकी नाही. वरचा थर खांडेकरांनी रचलेला, आणि अलका त्या थरातली आहे. ती आदिपर्वात सापडणार नाही. म्हणजे शर्मिष्ठेवर लिहिलं असतं तर खालच्या थरावर उभं राहता आलं असतं. अलकेवर लिहिताना पाय पूर्णपणे वरच्या थरावर आहे.

मुदतीचा हिशेब सोपा आहे. आपल्याकडे कॉपीराइट कायदा १९५७चा. लेखकाच्या मृत्यूच्या सालात ६० मिळवायचे, त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत हक्क चालतात. खांडेकर १९७६ साली गेले, म्हणजे २०३६ संपेपर्यंत. चिं. त्र्यं. खानोलकरही १९७६चेच. श्री. ना. पेंडसे २००७, म्हणजे २०६७ संपेपर्यंत. त्यामुळे गारंबीच्या बापूवर कुणी लिहीत असेल तर त्यालाही सांगा. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचे हक्क २०१०च्या अखेरीस संपले. तुमच्या चार कथांपैकी आत्ता निर्धास्त छापता येईल अशी (आ) एवढीच आहे. तिच्यातही एक सांभाळा: वाक्यं मूळ पुस्तकातून घ्या, १९५३च्या चित्रपटातून नकोत. चित्रपटासाठी अत्र्यांनी जे लिहिलं त्याचा हिशेब वेगळा. अत्रे १९६९ साली गेले, म्हणून ते २०२९ संपेपर्यंत राखीव. आवृत्तीतली अलीकडची प्रस्तावना, टिपा, चित्रं यांचेही हक्क त्या त्या माणसाचे असतात.

आता ‘नावं बदला म्हणजे झालं’ याबद्दल. सर्वोच्च न्यायालयाने १९७८च्या आर. जी. आनंद खटल्यात घालून दिलेली कसोटी अशी: कल्पना, विषय, कथासूत्र यांवर कॉपीराइट नसतो, ती ज्या रीतीने मांडली त्या मांडणीवर असतो, आणि दोन्ही कृती वाचणाऱ्या-पाहणाऱ्याला ‘ही त्याचीच नक्कल’ असं निःसंशय वाटलं की उल्लंघन झालं. या कसोटीत नावाचा भाग अगदी लहान आहे. नागराज या कॉमिक्समधल्या नायकाच्या धर्तीवर नागेश काढणाऱ्या प्रकाशकाला दिल्ली उच्च न्यायालयात नाव वेगळं असल्याचा फायदा झाला नाही. ‘दबंग’ चित्रपटातल्या चुलबुल पांडेच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली, ठळकपणे घडवलेल्या पात्रालाही संरक्षण मिळू शकतं, हे तत्त्वतः मान्य केलं. उलट दिशेनेही हेच खरं: तीन पात्रांनी आळीपाळीने ‘मी’ म्हणून सांगायचं हे ‘ययाति’चं निवेदनतंत्र कुणीही वापरावं. तंत्र कुणाच्या मालकीचं नसतं.

वायनातलं भात

कायद्याचं खाडीपल्याड यांनी नीट सांगितलंय. मी लिहिण्याच्या बाजूने सांगते, कारण कायद्याने सुटलेली कथासुद्धा उसनी असू शकते. मथुरीची कथा छापायला मोकळी आहे याचा अर्थ ती तुमची झाली असा नाही.

आधी कागदावर प्रिंट काढा आणि तीन रंगांनी खुणा करा. मूळ पुस्तकातली वाक्यं किंवा शब्दांची जशीच्या तशी ठेवण: लाल. मूळ पुस्तकातल्याच घटना, पण शब्द तुमचे: निळा. दोन्ही नाही ते: कोरं. लाल भाग अवतरणचिन्हांत जायला हवा नाहीतर काढायला हवा, तिसरा मार्ग नाही. निळा भाग सुरुवातीलाच दोन पानं पसरलेला दिसला तर कथा अजून सुरूच झालेली नाही, ती मूळ पुस्तकाची उजळणी आहे. अडीच हजार शब्दांच्या कथेत उजळणीला चार-पाच वाक्यांहून जास्त जागा देऊ नये. ज्याने मूळ वाचलंय त्याला ती नको असते, आणि ज्याने वाचलं नाही त्याला ती पुरत नाही.

मग कोऱ्या भागाकडे बघा. तिथे नुसतं वर्णन आहे की निर्णय आहेत? नवीन पाऊस, नवीन साडी, नवीन माड घातल्याने कथा तुमची होत नाही. पात्राने मूळ पुस्तकात न केलेली निवड केली आणि तिचा परिणाम शेवटपर्यंत पोचला, तर होते.

मथुरीकडे हे फार चांगलं जमण्यासारखं आहे. ‘श्यामची आई’ श्याम आश्रमातल्या मुलांना रात्री रात्री सांगतो, एकूण ४२ रात्री. सगळं त्याच्या आठवणीतून आणि आईवरच्या मायेतून येतं. त्यामुळे मथुरी त्या घराच्या कामात आली की दिसते, कामावरून गेली की दिसेनाशी होते. श्यामला जे दिसणं शक्य नव्हतं ते सगळं रान तुमच्यासाठी मोकळं आहे. पण त्यासाठी काम माहीत हवं. भात उकडायचं, वाळवायचं, घिरटावर भरडायचं, वायनात मुसळाने कांडायचं, सुपाने पाखडायचं. तांदूळ घरात जातो. कणी, कोंडा आणि तूस उरतं. आता ठरवा: मजुरी पैशांत की धान्यात? मोजायचं माप कुणाचं, आणि भरताना हात कुणाचा? कणी कांडपिणीने न्यायची की घरात ठेवायची? आजारी पडून एक दिवस बुडाला तर त्या दिवशी वायनावर कोण उभं राहिलं, आणि नंतर काम कुणाकडे गेलं? यातल्या एका प्रश्नाला ठाम उत्तर दिलंत की श्यामची आई मथुरीच्या बाजूने कशी दिसेल हे आपोआप बदलतं. ती वाईट ठरायची गरज नाही. ती प्रेमळ आणि तरीही मालकीण, असं दाखवता आलं तर मूळ पुस्तकाला जे सांगता येत नव्हतं ते तुम्ही सांगितलंत. असं काही असेल तरच दुसऱ्याच्या पात्राला हात लावावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेवटची परीक्षा दोन वाचकांची. एकाने मूळ वाचलेलं असावं, दुसऱ्याने नसावं. न वाचलेला जिथे ‘इथे रडू का यावं ते कळलं नाही’ म्हणतो, तिथे भावना मूळ पुस्तकातून उसनी आणली आहे. तो प्रसंग स्वतः उभा करा. वाचलेला ‘हे सगळं ठाऊक होतं’ म्हणाला, तर कोऱ्या भागात निर्णय नाहीत.

मूळशोध्या

(अ)ला स्वतंत्र कथा करायचं ठरलं आणि त्यासाठी नावं बदलायची असली, तर मराठीत हे काम ‘शोधा-बदला’ देऊन होत नाही. सामान्यरूपं आडवी येतात. ‘शर्मिष्ठा’ शोधलंत तर ‘शर्मिष्ठेला’, ‘शर्मिष्ठेनं’, ‘शर्मिष्ठेचा’ सापडत नाहीत, कारण मात्रा बदललेली असते. म्हणून ‘शर्मिष्ठ’ एवढाच भाग शोधायचा. उलट ‘कच’ शोधून एका फटक्यात सगळे बदललेत तर ‘कचरा’, ‘कचकच’ असं काहीही बिघडतं; तिथे एकेक बघूनच पुढे जा. ‘ययाति’ आणि ‘ययाती’ दोन्ही शोधा, एकाच फाइलमध्ये ह्रस्व-दीर्घ मिसळलेलं हमखास असतं. नाव स्त्रीलिंगी आकारान्ताऐवजी ईकारान्त केलंत (अलका ऐवजी, समजा, केतकी) तर ‘अलकेला’चं ‘केतकेला’ होऊन बसतं. ही चूक वाचकाला लगेच दिसते, आणि खाली दुसरं नाव होतं हेही त्याला कळतं.

पण हे सगळं शेवटचं काम. आधी सांगाडा बदलावा लागतो. गाजलेलं उदाहरण घ्यायचं तर ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ आधी ‘ट्वायलाइट’ची फॅनफिक्शन होती. तिथे मूळच्या रक्तपिपासू नायकाऐवजी कथा माणसांच्या जगात नेलेली होती, म्हणून नावं उतरल्यावर ती उभी राहू शकली. अलकेच्या कथेत राजवाडा, राजपुत्र आणि त्याच्याबरोबर वाढलेली दासीची मुलगी हे त्रिकूट तसंच राहिलं तर नाव केतकी असो की आबोली, वाचक तिला ओळखणारच.

बदलायच्या चार जागा: दोघांना बांधून ठेवणारं कारण, ती जिथून निघून जाऊ शकत नाही ती जागा, गुपित कुणाला आधी कळतं याचा क्रम, आणि शेवटी किंमत कोण मोजतं. चारांपैकी एकच बदलून भागत नाही. मी निदान तीन बदलायला सांगेन. खोताचा वाडा आणला म्हणून राजवाडा बदलला असं होत नाही, तो त्याच मापाचा दुसरा वाडा झाला. त्याऐवजी बंदर घ्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, ट्रॉलर किनाऱ्याला, खलाशी गावी गेलेले, मालकाने दिलेली उचल अंगावर. आता बांधून ठेवणारं कारण कर्ज झालं, मुदत दोन महिन्यांची झाली, आणि घटना त्या मुदतीमुळे घडायला लागल्या. त्या कथेला मग ‘ययाति’ची गरजच उरत नाही.

(इ)बद्दल एकच सांगतो. मालवणीत लिहिलं म्हणून ती नवी होत नाही. समजा मालिकेत असं वाक्य आहे: ‘तिनं दिवा विझवला आणि तो येणार नाही हे मान्य केलं.’ (वाक्य मी बनवलेलं आहे.) त्याचं ‘तिना दिवो इझवल्यान आणि तो येवचो नाय ह्या मानून घेतल्यान’ केलं, तर ते भाषांतर झालं, आणि भाषांतराचा, रूपांतराचा हक्क कायद्याने मूळ मालकाचाच. ‘तिना दिवो तसोच पेटतो ठेवल्यान, आणि तेल किती उरला ता बघल्यान’ असं लिहिलं तर पात्र काही वेगळं करतंय. बोली इथे तुमच्या मदतीला येते, कारण मालवणी माणूस नकार सरळ देत नाही, तो तेल किती उरलं ते बघतो.

पेटी-मृदंग

(ई) वाचून थोडं काळजीत पडलो. ‘लोककला आहे, म्हणजे सगळ्यांची’ हे अर्धंच खरं आहे.

दशावतारात कुठला भाग कुणाचा, ते बघा. आड दशावतार, संकासुराचं येणं, गणपती-सरस्वती, हा पूर्वरंगाचा साचा परंपरेचा. आख्यानाचं मूळ पुराणात असेल तर तेही सगळ्यांचं. पण आता कितीतरी कंपन्या काल्पनिक कथानकं करतात: राजा, राणी, ऋषी पुराणातल्यासारखे, गोष्ट मात्र नव्याने कुणीतरी रचलेली. तो ‘कुणीतरी’ हयात लेखक असतो, आणि बऱ्याचदा जाहिरातीच्या फलकावर त्याचं नावही असतं. आधी तुमचं आख्यान यातलं कुठलं ते शोधा. आदल्या-नंतरच्या जत्रेत दुसऱ्या कंपनीने तेच आख्यान लावलं असेल तर ते परंपरेतलं असण्याची शक्यता जास्त, पण खात्री नाव विचारूनच होते.

संवादांचं आणखी वेगळं. दशावतारात संहिता हातात नसते. रंगायच्या आधी कथानक आणि प्रवेशांचा क्रम सांगितला जातो, पुढचं नट पेटी-मृदंगाच्या साथीने उभ्या उभ्या बोलतो. म्हणजे तुम्ही जे उतरवून घेतलंय ते त्या रात्री त्या नटाने रचलं. कलावंताचा प्रयोगावरचा हक्क कायद्यात स्वतंत्रपणे आहे, मुदत प्रयोगाच्या पुढच्या वर्षापासून ५० वर्षं. आणि आपलं नाव लागावं हा हक्क कलावंताला २०१२च्या दुरुस्तीने स्पष्टपणे दिला. लिहिलेली संहिता नाही म्हणून लेखक नाही, हा समज त्या माणसावर फार अन्याय करतो. जे सर्वांत अवघड आहे, ते तोच करतो.

करायचं काय: संवाद काढून टाका आणि कथानक परंपरेचं असेल तर ते स्वतःच्या शब्दांत लिहा. किंवा कंपनीच्या मालकाला आणि त्या नटाला, दोघांनाही भेटून लेखी परवानगी घ्या. श्रेयात कंपनीचं नाव, भूमिका, नटाचं नाव, गाव आणि जत्रेची तारीख हवी. ‘एका दशावतारी प्रयोगावरून’ एवढंच लिहिणं पुरेसं नाही.

सुरंगीचा वळेसर

खूप उपयोगी पडतंय, मंडळी. (ई)चे संवाद काढतोय, परवानगी मिळाली तर परत घालू. (अ)बद्दल गटात चर्चा होईल. राहिली (इ). पैसे अजिबात न घेता, पुस्तिकेबाहेर, फुकट वाचायला ठेवली तर चालेल का? आणि (आ)वर नावं कुणाची?

खाडीपल्याड

फुकट दिलं म्हणून कायद्याने मोकळं होत नाही. आपल्या कायद्याच्या कलम ५२ मधली ‘उचित वापरा’ची सूट ठरावीक कारणांपुरती आहे: खासगी वापर, टीका किंवा समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन. ‘हौस’ हे कारण त्यात नाही. व्यवहारात मात्र फरक पडतो. विक्री नसेल तर मालकाचं नुकसान दाखवणं कठीण, आणि बरेचसे निर्माते अशा लेखनाकडे काणाडोळा करतात. जगभरच्या फॅनफिक्शनची परंपराही हीच. २००९ पासून चालणाऱ्या ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या फॅनफिक्शनच्या संकेतस्थळावर विक्रीचे दुवे किंवा पैशांचं आवाहन चालत नाही. तेव्हा पैसे भरून भाग उघडायच्या अॅपवर (इ) टाकूच नका. तिथे मालिकेच्या मालकाच्या पात्रावर तुम्ही थेट कमाई करताय.

टीकेची बाजू खरोखर असेल तर जागा थोडी वाढते. केरळ उच्च न्यायालयाने १९९६ साली सिविक चंद्रन खटल्यात एका गाजलेल्या नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या प्रतिनाटकाचा प्रयोग थांबवायला नकार दिला. मूळ नाटकातली पात्रं आणि प्रसंग त्यात घेतले होते, पण मूळच्या विचारावर टीका करण्यासाठी. पाहिलं काय गेलं, तर टीकेच्या मानाने किती घेतलं, कशासाठी घेतलं, आणि मूळ कृतीशी स्पर्धा होते का. तुमच्या मालवणी कथेत मालिका कोकणी माणसाला जसा रंगवते त्यावर काही म्हणणं असेल, तर ते कथेच्या पोटात ठळक येऊ द्या. नुसती आवड असेल तर ही वाट तुमची नाही.

परवानगी मागायची तर पत्र असं हवं: कुठली कृती, कुठली पात्रं, किती शब्दांची कथा, किती प्रती, किंमत, कागदावर की ऑनलाइनही, किती वर्षांसाठी. मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर भारत. पुस्तकाच्या बाबतीत हक्क कुणाकडे आहेत ते आतल्या पानावर छापलेलं असतं. लेखक हयात नसेल तर बहुधा वारसांकडे. उत्तर आलं नाही म्हणजे होकार, असं धरायचं नाही.

एक गोष्ट राहिली. (आ)चे हक्क संपले असले तरी कलम ५७ उरतं. लेखकाच्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड झाली तर वारस आक्षेप घेऊ शकतात. मथुरीच्या नजरेतून मालकिणीकडे पाहणं ही मोडतोड नाही. तुमची वाक्यं साने गुरुजींची म्हणून छापणं मात्र नक्की ठरेल.

वायनातलं भात

नावांचं मी सांगते. तिघींपैकी कुणी किती वेळ बसलं हा निकष नाही. कायद्यात संयुक्त लेखन म्हणजे दोघांनी मिळून केलेलं आणि कुणाचं कुठलं ते सुटं न करता येणारं. १९८९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने मौलाना आझादांच्या ‘इंडिया विन्स फ्रीडम’बाबत हेच पाहिलं. आझाद उर्दूत सांगत, हुमायून कबीर इंग्रजीत लिहून काढत, मसुद्यावर दोघं मिळून काम करत. दोघेही लेखक ठरले.

तुमच्या तपासणारीने शुद्धलेखन, वाक्यांचा क्रम, ‘हे लांबलंय’ अशा सूचना दिल्या असतील तर ‘संपादन साहाय्य’ म्हणून तिचं नाव हवं. तिने प्रसंग नव्याने लिहिले असतील किंवा शेवट बदलला असेल, तर ती तिसरी लेखिका आहे. जुना आणि नवा मसुदा शेजारी ठेवून बघा, चटकन कळेल. मसुदे तारखेसह ईमेलने एकमेकींना पाठवून ठेवा. पुढे कुणी कथा उचलून स्वतःच्या नावाने टाकली तर हाच पुरावा. संकेतस्थळाकडे लेखी तक्रार केल्यावर नियमांप्रमाणे ३६ तासांत मजकूर थांबवायचा असतो, आणि २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर ते तो परत दाखवू शकतात, म्हणून तक्रारीच्या दिवशीच कागद तयार हवेत. ही हमी (आ)सारख्या कथेला. परवानगी न घेता लिहिलेल्या (इ)साठी तक्रार करायला गेलात तर आधी तुम्हालाच प्रश्न विचारले जातील.

श्रेयाची ओळ कथेच्या शीर्षकाखाली घाला, पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर नको. साधारण अशी:

‘साने गुरुजींच्या “श्यामची आई” या पुस्तकातील मथुरी या पात्रावरून सुचलेली कथा. मथुरीचं घर, तिचा नवरा, मजुरीवरून झालेला वाद आणि शेवट लेखिकांनी रचलेले आहेत. मूळ पुस्तकातील वाक्यं अवतरणचिन्हांत दिली आहेत.’

‘आभार’ हा शब्द यात मुद्दाम नाही. आभाराने कुठलं पीठ कुणाच्या घरचं ते वाचकाला समजत नाही, या तीन वाक्यांनी समजतं. (ई)लाही अशीच ओळ लागेल, फक्त तिथे नटाचं नाव पहिल्या वाक्यात घ्या.